नामदेवने लिहिलेली मरणं

सोयाबीनची सोंगणी आटोपत आली की रिसोडच्या चारी अंगांनी थ्रेशरचा आवाज सुरू होतो. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलं की तो ऐकू येतो, दूर कुणीतरी सारखं खाकरत असल्यासारखा. हवेत भुसा असतो. धुतलेल्या चादरी संध्याकाळी काढायला गेलं तर हाताला खरखर लागते. गावाला हा आवाज गोड वाटतो. बाजार समितीबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागते, दिवाळीची खरेदी निघते. आमचंही दुकान कापडाचं, तेव्हा आम्हीही खूश व्हायला हवं. पण या दिवसांत आमच्या घरात बोलणं कमी होतं. माझे यजमान रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेतात. विचारलं तर म्हणतात, "भुसा येते." भुसा येतोच. पण खिडक्या त्याच्यासाठी लावत नाहीत, एवढं इतक्या वर्षांत मला कळलं नसेल तर मी रहस्यकथा लिहिणाऱ्याची बायको कसली?

हो, रहस्यकथा. दुकानात गादीवर मीटरपट्टी घेऊन बसलेला हा म्हातारा एके काळी खुनाच्या कादंबऱ्या लिहायचा, हे आता गावातल्या नव्या पोरांना सांगितलं तर ती हसतील. खिशात मावतील अशी ती पुस्तकं होती. मुखपृष्ठावर पिस्तूल आणि तोंड उघडं टाकून ओरडणारी बाई, हे ठरलेलं. आत इन्स्पेक्टर नगरकर, तोंडात पाइप, पायात पांढरे बूट. सगळं घडायचं मुंबईत, मलबार हिलवर नाहीतर गोदीत. यांनी मुंबई पाहिली ती कापडाच्या खरेदीला जाताना, मुळजी जेठा मार्केटच्या बोळात. गोदी कशी असते ते मला विचारायचे. मी कारंज्याची, मला काय ठाऊक! मी म्हणायचे, "पाण्याचा वास येतो असं लिहा." ते लिहायचे. वाशीमच्या, अकोल्याच्या वाचनालयांत ती पुस्तकं हातोहात जात. मंदिरात माझ्याशी तुटक बोलणाऱ्या बायका घरी पदराखाली हीच पुस्तकं न्यायच्या, हे वाचनालयवाल्यानेच मला सांगितलं होतं.

तुटक बोलायला कारण होतं. आमचं घर जैनांचं, आणि त्यातही सासूबाईंचं. आमच्याकडे कांदा नव्हता, लसूण नव्हता, बटाटा नव्हता. पाणी गाळून प्यायचं, सूर्य मावळायच्या आत जेवायचं, मुंगी पाहून पाय टाकायचा. चातुर्मासात पालेभाजीसुद्धा नाही, पानामागे जीव असतो म्हणून. आणि अशा घरात, माजघरातल्या टेबलाशी बसून हे माणसं मारायचे. स्थळ पाहायला आलेल्या माझ्या वडिलांना कुणीतरी सांगितलं होतं, मुलगा लिहितो. वडिलांना वाटलं, भजनं लिहीत असेल.

पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा शेजारच्या मुलीने ते सासूबाईंना वाचून दाखवलं. खुनाच्या प्रकरणाशी त्यांनी तिला थांबवलं, उठून हात-पाय धुतले आणि यांना देवघरासमोर बोलावलं.

"मंदिरात सांगतलं होतं ना, पिठाचा कोंबडा कापला तरी पाप लागते. तू तं कागदावर मानसं कापून राह्यला, प्रकाश."

"आई, ते खोटं असते."

"मनात येते ना? मंग खरं झालं. नेम घे. या हातानं कोनाले मारनार नाही. कागदावरबी नाही."

आईपुढे यांचं कधी काही चाललं नाही. नेम घेतला. आणि तोंड पाडून बसले, कारण खून नसेल तर इन्स्पेक्टर नगरकरांनी मुंबईत करायचं काय? पुण्याचे प्रकाशक दुसऱ्या पुस्तकाची घाई करत होते.

त्या वेळी दारात नामदेव उभा होता, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन. नामदेव माळी म्हणजे यांचा शाळेतला सोबती. गावाबाहेर, ओढ्याच्या अंगाला त्याचा आणि त्याच्या थोरल्या भावाचा, किसनचा, भाजीपाल्याचा मळा. सकाळी बाजारात माल घालून तो आमच्याकडे यायचा आणि आम्हाला चालतील तेवढ्याच भाज्या वेगळ्या काढून द्यायचा. आमच्या घरातला नेमधर्म आमच्या जावयांपेक्षा त्याला जास्त पाठ होता. सासूबाईंचं बोलणं त्याने सगळं ऐकलं. पाटी खाली ठेवत म्हणाला,

"त्यात काय एवढं, काकू? मी मारतो ना. शेठ बाकीचं लेहीन, खून माह्याकडं."

आम्ही सगळे हसलो. सासूबाईसुद्धा हसल्या. आज विचार करते तेव्हा त्या हसण्याचंच सगळ्यांत वाईट वाटतं. आपल्या घरातलं पाप दुसऱ्याच्या पाटीत घालून झालं, आणि ते इतकं सहज झालं की कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग ती पद्धतच पडली. हे मरणाच्या उंबरठ्यापर्यंत गोष्ट आणायचे आणि कोरे कागद जोडून दुकानातून नामदेवच्या हाती द्यायचे. नामदेव सातवी शिकलेला. दुपारी वाफ्यांना पाणी सोडलं की धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, लिंबाखाली बसून लिहायचा. तीन-चार दिवसांनी भेंडीच्या खाली घडी घालून ती पानं घरी यायची. चिखलाची बोटं उमटलेली, अक्षर ढोबळ, वेलांट्या कुठच्या कुठे. सासूबाईंचा हुकूम होता की ते कागद स्वयंपाकघरात थांबता कामा नयेत. भेंडी टोपलीत ओतायची आणि कागद चिमटीत धरून माजघरात नेऊन द्यायचे, हे माझं काम. न्यायला मला फार वेळ लागायचा. मधल्या बोळात उभी राहून मी ते वाचून काढायची.

काय लिहायचा तो! सुरी नाही, किंकाळी नाही, रक्ताचं थारोळं नाही. मलबार हिलवरचा कोट्यधीश झोपायला जातो, दिवा मालवतो आणि त्याला आठवतं की मघाशी बाहेर मांजर ओरडत होतं, त्याला दूध घालायचं राहिलं. तो परत उठतो. बस, एवढंच. पुढच्या पानावर इन्स्पेक्टर यायचे. पण वाचणाऱ्याच्या घशात ते दूध अडकायचं. यांनी एकदा त्याला विचारलं, "नामदेव, तू मारणाऱ्याबद्दल काहीच काहून लेहत नाही?" तर म्हणाला,

"मारनारा तुह्या इन्स्पेक्टरनं पाहावा. मले मरनारा दिसते. मानूस मरते तवा त्याचं काईतरी बारीकसं राहून जाते, शेठ. ते लेहाचं. तेवढं लेहलं की मरन झालं."

यांना त्याच्या पानांत थोडीफार दुरुस्ती करावी लागायची. तो कोट्यधीशाच्या बंगल्यात गोठा घालायचा, हे त्याचं गॅरेज करायचे. पण बाकीच्या शब्दांना हात लावायचे नाहीत. वाचकांची पत्रं यायची ती त्याच पानांबद्दल. हे ती दुकानात नामदेवला वाचून दाखवायचे. तो लाजून कापडाच्या ताग्यावरून हात फिरवत बसायचा आणि म्हणायचा, "लोकबी येडे हायेत लेकाचे." पुस्तकावर नाव एकट्या यांचं. ते दोघांचं असावं, असं तेव्हा यांच्या मनात आलं नाही, नामदेवच्या आलं नाही आणि खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही. कुणी लपवलं नव्हतं, कुणी हिरावलं नव्हतं. भाजी त्याची, घर आमचं, तसंच ते वाटायचं.

आता हे सगळं ज्या वर्षी थांबलं त्या वर्षाबद्दल. श्रावणात यांनी एका दिवाळी अंकासाठी लांब कथा घेतली होती. खंडाळ्याचा बंगला, मोठी बाग, बागेचा म्हातारा मालक. मालक मरायला हवा होता, पण घातपात वाटू नये असा. नामदेवने पानं आणून दिली. चातुर्मासात असले कागद घरात नकोत म्हणून ती दुकानातच लुंग्यांच्या गठ्ठ्याखाली राहिली. मी दुकानात जाऊन वाचली. त्यात मालक बागेत पाणी देत असतो. विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरची पेटी गंजलेली, झाकण दोरीने बांधलेलं, आतली तार सोलून निघालेली, ती कुणालाच दिसत नाही. मालक झाडाचा पिकला पेरू तोडतो, मोटर बंद करून आल्यावर खाऊ म्हणून दगडावर ठेवतो आणि ओल्या पायांनी पेटीकडे जातो. पेरू दगडावर राहतो. संध्याकाळी त्याला मुंग्या लागतात.

माझ्या अंगावर काटा आला. हे तर उड्या मारत होते. "काय खरं वाटते रे! सुचलं कसं तुले?"

नामदेव हसून म्हणाला, "सुचाले कायले पायजे? आमच्या मळ्यातली पेटी तशीच हाये. पाहत बसलो अन लेहलं."

आम्हीही हसलो. "मग तर आमचा इन्स्पेक्टर तुझ्याच मळ्यात येणार," असं मीच काहीतरी बोलले. दुकानातल्या दुकानात चहा झाला. एकाही शहाण्या माणसाच्या मनात आलं नाही की वायरमनला बोलवावं.

दसरा झाला, सोंगणी सुरू झाली. दिवाळी अंकाचा गठ्ठा एसटीच्या पार्सलने आला. यांनी एक अंक नामदेवला दिला. त्याने तो मळ्यात नेला आणि सोयाबीनच्या गंजीला टेकून घरच्यांना गोष्ट वाचून दाखवली. किसनभाऊही ऐकायला बसला होता. पेटीचं वर्णन आलं तसा मांडीवर थाप मारून म्हणाला, "अरे, हे तं आपलीच पेटी!" सगळे हसले. आता सोयाबीन निघालं, दिवाळी झाली की पेटी बदलून टाकू, असंही तिथल्या तिथे ठरलं. हे सगळं मला नंतर नामदेवच्या बायकोने, सुमित्राने सांगितलं.

दिवाळीच्या आधीच किसनभाऊ गेला. सकाळची वेळ. मेथीच्या वाफ्यांना पाणी देऊन, चिखलाच्या पायांनी मोटर बंद करायला गेला होता. थ्रेशर पलीकडे सुरू होता म्हणून तो ओरडला असेल तरी कुणाला ऐकू आलं नाही. हे दुकानावर होते. कुणीतरी सायकलवरून येऊन सांगितलं. हे तसेच अनवाणी गेले. चपला दुकानाच्या पायरीवर राहिल्या, मी त्या उचलून आत ठेवल्या.

मी गेले ती दोन दिवसांनी. गंजी तशीच उभी होती, अर्धी काढलेली. वाफ्यात मेथी हाताएवढी वाढली होती आणि कुणी खुडली नव्हती. लिंबाच्या फांदीला एका फडक्यात भाकर बांधलेली लटकत होती. किसनभाऊची न्याहारी. ती सोडायला कुणाचा हात धजत नव्हता. मी त्या फडक्याकडे पाहिलं आणि मला तो दगडावरचा पेरू आठवला. सुमित्रालाही तोच आठवला असावा. ती खाली बसून सांडलेलं सोयाबीन वेचत होती. रडणं संपलेलं. माझ्याकडे न पाहता म्हणाली,

"वहिनी, एक इचारू? तुमच्या घरी पाप नोको म्हनून ते आमच्या घरी लेहलं. बरं, लेहलं. पन पाप आमच्या घरी अन नाव तुमच्या घरी, असं कसं हो?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी तिच्याबरोबर थोडं सोयाबीन वेचलं आणि घरी आले. घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, "पुढच्या पुस्तकावर दोघांची नावं टाकू. जरा दिवस जाऊ दे."

पुढचं पुस्तक कुठलं? नामदेव दुकानात आला तो बऱ्याच दिवसांनी. मी तेव्हा तिथेच होते. त्याने पिशवीतून कोरे कागद काढले, जसे नेले होते तसेच, आणि गादीवर ठेवले.

"शेठ, आता मले नाही जमत."

"कोणी तुले बोललं का काही?"

"कोनी काहून बोलन? मले दिसत होतं. ती तार, ते झाकन, ओले पाय. सगळं दिसलं अन म्या काय केलं? लेहलं. लेहन्याऐवजी तार बदलाची होती."

 नामदेवने ताग्यावरून हात फिरवला, उठला आणि गेला. त्या वेळी नाव टाकण्याचं कसं बोलणार? आता त्या गोष्टीखाली नामदेवचं नाव छापायचं म्हणजे भावाच्या मरणाखाली त्याचं नाव लिहिण्यासारखं झालं असतं. म्हणून हे थांबले. आधी सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा बोलण्यासारखं राहिलं नव्हतं. या दोन टोकांच्या मध्ये नामदेवचं नाव जे अडकलं ते अडकलंच.

यांनी नंतर आणखी काही पुस्तकं लिहिली. नेम मोडला नाही. इन्स्पेक्टर नगरकर यायचे तेव्हा माणूस आधीच मरून पडलेला असायचा. प्रेत असायचं, मरण नसायचं. वाचकांना नेमकं काय कमी आहे ते सांगता यायचं नाही, पण पत्रं थांबली. प्रकाशकांची उत्तरं आखूड होत गेली. मग घरोघरी टीव्हीवर मालिका आल्या, वाचनालयाच्या जागी मोबाइलचं दुकान झालं, आणि यांना बरं एक कारण सापडलं. कुणी विचारलं की म्हणतात, "टीव्हीने आमचा धंदा बसवला." मी काही बोलत नाही. माणसाला एवढं तरी असू द्यावं.

लोकांना वाटतं, रहस्यकथा लिहिणाऱ्याला माणसाचं मन फार कळत असेल. छे! त्याला कळतं ते फक्त शेवटच्या प्रकरणात एकाकडे बोट दाखवणं. घरात तसं कुठे होतं? आमच्या गोष्टीत सासूबाई दोषी म्हणाव्यात, तर त्यांना मुलाला पापापासून वाचवायचं होतं. नामदेव म्हणावा, तर त्याने दोस्ताची अडचण पाहिली आणि हसत ती डोक्यावर घेतली. मी मात्र नंतर आणखी एक पाहिलं. आमच्याकडे भाद्रपदात पर्युषण पर्व संपलं की प्रत्येकाला हात जोडून क्षमा मागायची रीत आहे. "उत्तम क्षमा" म्हणायचं. नातलगांना, शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, दुकानातल्या नोकरांना. पुढच्या पर्वानंतर सासूबाई पाय दुखत असताना ऑटोत बसून मळ्यात गेल्या आणि सुमित्रापुढे, नामदेवपुढे हात जोडले. नामदेव खाली वाकून त्यांच्या पाया पडला. "काकू, कायची क्षमा!" झालं. दूधवाल्याला जे म्हटलं तेच त्याला म्हटलं गेलं. दरवर्षी हेही तेच करायचे. "नामदेव, उत्तम क्षमा." "हो शेठ, हो." घरी येऊन यांचा चेहरा मोकळा झालेला असायचा, दोन दिवस. मला वाटायचं, ओरडून सांगावं की सगळ्यांची मागता म्हणून त्याची मागायची राहून जाते हो! पण मीही बोलले नाही. सगळ्या गावाला हात जोडून आल्यावर नवऱ्याला घरात कोण टोचून बोलणार?

नामदेव मात्र येत राहिला. दिवाळी झाली, चातुर्मास संपला, की पहिली मेथी आमच्या पायरीवर असायची. न सांगता, न चुकता. त्याला आमची तिथी कशी कळायची कोण जाणे. मेथी ठेवायचा, माझ्याशी चार शब्द बोलायचा, यांच्याशी पावसापाण्याचं बोलायचा. पुस्तकांचं कधी नाही. मागच्या वर्षी याच दिवसांत, थ्रेशरचे आवाज सुरू असताना नामदेव गेला. दुपारी जेवून पडला तो उठलाच नाही. हे स्मशानात गेले, परत आले आणि खिडक्या लावून बसले. त्या दिवाळीनंतर आमच्या घरात मेथी आली नाही, आणि मीही बाजारातून आणली नाही.

आता यंदा पुण्याहून फोन आला. जुने प्रकाशक केव्हाच गेले. त्यांच्या नातवाला यांची पुस्तकं पुन्हा काढायची आहेत. मोबाइलवर वाचून दाखवतात म्हणे आता. तो फोनवर म्हणाला, "आजोबा, तुमच्या पुस्तकांत मरणारी माणसं फार जिवंत वाटतात." फोन ठेवल्यावर हे माझ्याकडे आले आणि म्हणाले, "पुस्तकावर दोन नावं टाकायची. उद्या मळ्यात जाऊ. वहिनीला विचारू."

मी म्हटलं, "आता?" बोलून गेले आणि जीभ चावली.

परवा सकाळी गेलो. रस्त्याने दोन्ही बाजूंना कुटाराचे, सोयाबीनच्या भुशाचे ढीग, आणि त्याच्यावर दव. ओढ्यावर पूल झाला आहे, मळा आता लहान झाला आहे, पलीकडे प्लॉट पडलेत. लिंब तेवढा तसाच. सुमित्रा मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. केस पार पांढरे. आम्हाला पाहून तिने पोत्यावरची धूळ झटकली आणि बसायला दिलं. हे नेहमीसारखे हात जोडायला गेले आणि थांबले. पर्व तर केव्हाच होऊन गेलं होतं. खिशातून जुना दिवाळी अंक काढला, पिवळा पडलेला, आणि म्हणाले, "वहिनी, नामदेवनं लेहलेलं आहे. वाचू का?"

"वाचा," ती म्हणाली. जुडी बांधणं थांबलं नाही.

यांनी वाचलं. ते पान हे पहिल्यांदाच मोठ्याने वाचत होते.  थ्रेशर चालू होता, त्यावरून वाचावं लागत होतं. पेटी आली, दोरी आली, ओले पाय आले. दगडावरचा पेरू आला. मुंग्या आल्या. हे थांबले.  मग हे भडाभडा बोलायला लागले, नावाबद्दल, पुण्याच्या पोराबद्दल, इतक्या वर्षांबद्दल. शेवटी म्हणाले,

"तो म्हणायचा, माणसाचं काहीतरी राहून जाते. त्याचं हे राहून गेलं, वहिनी. त्याचं नाव राहून गेलं."

सुमित्राने जुडी खाली ठेवली. आमच्याकडे नीट पाहिलं.

"नाही, भाऊ. त्याइचं काई राह्यलं नाही. किसनभाऊ गेले तवापासून त्याइनं मांगं काई ठेवलंच नाही. तार बदलली, पेटीखाली फळी टाकली. रोज मोटर सोता बंद करत, कोनाले जाऊ देत नव्हते. गेले त्या दिवशीबी मोटर बंद केली, दारं लावली, पाय पुसले, मले म्हनाले पेटीचं झाकन पाहून आलो, मंग जेवले अन निजले. भाकर पुरी खाल्ली. त्याइचं काई राह्यलं नाही. राह्यलं ते तुमचं राह्यलं."

यांची मान खाली गेली. इतक्या वर्षांत "उत्तम क्षमा" हे शब्द यांच्या तोंडातून किती वेळा गेले असतील; त्या क्षणी ते आले नाहीत, आणि नाही आले तेच बरं झालं. हे एवढंच म्हणाले, "हो वहिनी. माझंच राह्यलं." माझे डोळे भरून आले. तिला ते दिसू नयेत म्हणून मी मेथीकडे पाहत राहिले.

नाव टाकायला ती हो म्हणाली का? म्हणाली, "टाका. वाचनारे वाचतीन." तिच्या दृष्टीने ती गोष्ट तेवढीच होती. आम्ही उठलो. सवयीने तिने मेथीची एक जुडी उचलली आणि माझ्याकडे पाहून परत ठेवली.

"चातुर्मास हाये अजून तुमचा. दिवाई झाली की मेथी घेऊन जाजा," ती म्हणाली. "आनून देनारा मानूस गेला. आता तुमालेच या लागन."